भुईला न टेकलेला वरवंटा

मी आयुष्यात एका दगडाशेजारी बसून दोन तास कुजबुजत बोललो आहे, त्याची झोप मोडू नये म्हणून. हे कुणाला सांगितलं की लोक आधी माझ्याकडे आणि मग माझ्या बायकोकडे बघतात. बायकोला ही गोष्ट पाठ आहे. दर वेळी सांगताना मी दगडाचं वजन थोडं वाढवतो, असा तिचा आरोप आहे. म्हणून आता लिहूनच टाकतो, म्हणजे वजन एकदाचं ठरून जाईल. सव्वातीन शेर.

महाराष्ट्र नुकता झाला होता. रस्त्याकडेचे मैलांचे दगड उपटून किलोमीटरचे रोवणं चाललं होतं, वाण्याच्या काट्याशेजारी शेर आणि किलो एकमेकांकडे पाठ करून बसलेले असत, आणि मी बी.एस्सी. होऊन नांदुऱ्याच्या घरी आठ महिने नुसता येरझाऱ्या घालत होतो. दोन शाळांनी मला परत पाठवलं होतं. दोन्हीकडे नमुना पाठ घ्यायला लावला, दोन्हीकडे मी पुस्तक धडाधडा म्हणून दाखवलं, आणि पहिल्याच प्रश्नाला माझी गाडी रुळावरून घसरली. आता तिसरं पत्र आलं होतं. बुलढाण्याची एक शाळा, विज्ञान शिक्षकाची एकच जागा, सकाळी अकरा वाजता नववीच्या वर्गावर पाठ. विषय: गुरुत्वीय स्थितिज ऊर्जा. ही जागा गेली तर मी काकांच्या जिनिंगमध्ये कामाला लागायचं, असं घरात ठरून गेलं होतं. त्या जिनिंगच्या फाटकातून आत पाऊल टाकलं की कापसाच्या धुळीने मला शिंका सुरू होत, त्या थेट घरी येऊन आंघोळ केल्यावर थांबत.

विषय पाहून मला घाम फुटला, कारण कॉलेजच्या तोंडी परीक्षेत मी नेमका याच विषयावर गप्प झालो होतो. सूत्र मला झोपेतही येत होतं. वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची, तिघांचा गुणाकार केला की स्थितिज ऊर्जा. परीक्षक म्हणाले होते, "छान. पण उंची कुठून मोजायची? तुमचं शून्य कुठे आहे?" मी खिडकीबाहेर पाहिलं होतं, जणू शून्य तिकडे आवारात कुठेतरी चरत असावं. शिवाय खरं सांगायचं तर मला मुळातलंच कळलेलं नव्हतं. दगड खाली असला तरी तोच, फळीवर ठेवला तरी तोच. त्याच्यात वर जाऊन काय भरतं? दिसत नाही, वाजत नाही, वजनही वाढत नाही. पाठ केलेल्या वाक्यांखाली ही शंका ढेकणासारखी होती. मी बसलो की चावायची.

त्या दिवशी सकाळी सातच्या मोटारीत मी बसलो. मेहुण्यांचं घड्याळ मनगटावर होतं आणि पाय एका जागी राहत नव्हते. शेजारी खिडकीशी पंचावन्न-साठीची एक आजी होती. मांडीवर लाल कुंचीत गुंडाळलेलं बाळ. मी पाठ मनात घोळवायला घेतला. मनातला पाठ हळूहळू ओठांवर आला, आणि मग मला एकदम भान आलं.

"झोपलंय का?" मी विचारलं.

"हाव," आजी म्हणाली.

मग मी आवाज खाली आणला आणि अख्खा पाठ कुजबुजत म्हटला. बाळ मोठं शहाणं होतं. मोताळ्याच्या अलीकडे मोटार खड्ड्यात आदळली, माझी टाळू टपाला लागली, तरी बाळाने हूं की चूं केलं नाही. मी दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होतो, दर दहा मिनिटांनी त्याला किल्ली देत होतो, आणि मधूनमधून बाळाच्या जाड कुंचीवरून हलकेच थोपटतही होतो.

"तुमचे पाय काऊन हालून राह्यले एवढे?" आजीने विचारलं.

मी मुलाखतीचं सांगितलं. तिने पदराने कुंचीवरची धूळ झटकली. "मास्तर व्हाले जाऊन राह्यला का. मंग बरं हाय. पाय हालवनाऱ्या मास्तराले पोट्टे भेत नाही, पन झोपतही नाही."

आमचा जिल्हा दोन मजली आहे, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. नांदुरा, मलकापूर खालच्या मजल्यावर, त्याला घाटाखाली म्हणायचं. बुलढाणा वरच्या मजल्यावर, घाटावर. मधला जिना म्हणजे राजूरचा घाट. त्या जिन्याच्या पहिल्याच पायरीवर आमच्या मोटारीने तोंडातून वाफ सोडली. ड्रायव्हर उतरला, झाकण उघडून मागे सरला आणि रस्त्याकडेच्या दगडावर विडी काढून बसला. नऊ वाजून पाच मिनिटं झाली होती.

"पानी टाकू, थंडी होऊ देऊ, मंग रिकामी चढवू," कंडक्टर म्हणाला. "सारे उतरा अन् चालत वर जा. जिच्याजवळ लहान लेकरू हाय तेवढी बाई बसू द्या."

सगळे कुरकुरत उतरले. आजी बसून राहिली, आणि मी अजून पिशवी काढत तिच्या शेजारीच होतो. कंडक्टर बिचारा कनवाळू होता. खिडकीतून ऊन बाळावर येत होतं म्हणून त्याने कुंची पुढे ओढायला हात घातला आणि तो तसाच राहिला.

"हे लेकरू थंडगार लागून राह्यलं, माय."

 दोन तास मी त्या बाळाच्या शांतपणाचं कौतुक करत होतो. कंडक्टरने एका बोटाने कुंची बाजूला केली. आतून एक काळाभोर वरवंटा दोन काजळाच्या डोळ्यांनी आमच्याकडे बघत होता. गालावर तीटही होती.

"हा दगड हाय."

"मी कुठं म्हनलं मानूस हाय?"

"तुम्ही मले झोपलंय म्हणाला होता," मी म्हणालो. घाबरलो की माझी कॉलेजातली मराठी गळून पडते.

"तू इचारलं झोपलं का, मी म्हनलं हाव. तो उठला कदी व्हता?"

कंडक्टरचा चेहरा लाल झाला. "उतरा, माय. लेकरू नाही तर बसाचं नाही."

"सव्वातीन सेरानं तुही मोटार अडली का? मंग तूच उतर. तू दोन मनाचा हायेस."

खाली उभे असलेले लोक हसले, आणि हसले म्हणूनच कंडक्टर हटेना. आजी उतरली.

मला कळलं ते असं. वर बुलढाण्यात तिच्या लेकीच्या मुलाचं बारसं होतं, बाराच्या ठोक्याला पाळणा. बारशाला वरवंट्याला कुंची घालून, बाळासारखा सजवून पाळण्याखालून या हातातून त्या हातात देतात, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. लेकीच्या घरी पाटा-वरवंटा होता. पण हा वरवंटा आजीच्या सासूच्या वेळचा. घरातलं प्रत्येक बाळ पाळण्यात पडलं ते याच्याच वर. आणि त्यांच्या घरची रीत अशी, की तो एकदा घरून उचलला की पाळण्याखालून जाईपर्यंत भुईला टेकवायचा नाही. म्हणून पहाटेपासून तो तिच्या मांडीवर नाहीतर खांद्यावर होता.

डांबरी रस्ता वळणं घेत वर जात होता आणि शेजारून एक पाऊलवाट सरळ टेकडीवर चढत होती. लोक रस्त्याने निघाले. मी घड्याळ पाहिलं आणि माझ्यातला बी.एस्सी. जागा झाला.

"आजी, रस्त्यानं गेलात काय, वाटेनं गेलात काय, या दगडावर होणारं काम तेवढंच," मी हात पसरून म्हणालो. "सूत्रात फक्त उंची आहे. वळणं सूत्रात नाहीत."

"खरं?"

"शंभर टक्के."

"मंग घे," ती म्हणाली आणि वरवंटा माझ्या हातात देऊन वाटेला लागलीसुद्धा. "तेवढंच हाय ना. चाल लौकर."

आठ महिन्यांत मी उचललेली सगळ्यात जड वस्तू म्हणजे पाण्याचा तांब्या. पहिल्या पन्नास पावलांत मला दगडाचं वजन कळलं आणि पुढच्या पन्नासात स्वतःचं. चढ खडा आला की वरवंटा हातातून माझ्याकडे काहीतरी मागायचा. प्रत्येक पावलाला एक घास, असं. पुढे वाट थोडी सपाट झाली की त्याचं मागणं थांबायचं, पण हात तसेच दुखत राहायचे.

"आता तं वर चढून नाही राह्यलो आपन," आजी म्हणाली. "आता काम हाय का नाही?"

"सूत्राप्रमाणे नाही."

"मंग तुले दम काऊन लागून राह्यला?"

 पुस्तकात ते नव्हतं, आणि बोलायला श्वासही नव्हता.

अर्ध्या वाटेवर तिने मला थांबवलं आणि खाली पाहायला सांगितलं. आमची मोटार काड्यापेटीएवढी दिसत होती, ड्रायव्हरची विडी तर दिसतच नव्हती. वाट ज्या कड्याने जात होती तिथून खालचा रस्ता सरळ पायाखाली होता. माझा पाय एका खड्यावर सरकला, वरवंटा छातीशी घट्ट धरून मी मटकन खाली बसलो आणि बसल्या बसल्या माझ्या मनात चित्र उभं राहिलं: हा दगड माझ्या हातून सुटला आणि खाली त्या मोटारीच्या टपावर गेला तर. नांदुऱ्याला हाच दगड हातातून सुटला असता तर फार तर माझा अंगठा ठेचला असता. आता तो टप फोडून सीट फोडून खाली गेला असता. दगड तोच, सव्वातीन शेरच. मधल्या वेळात त्याला काही मिळालं असेल तर ते मीच दिलं होतं, एकेका पावलाला एकेक घास. आणि ते त्याने तसंच्या तसं राखून ठेवलं होतं.

मला इतका आनंद झाला की मी बसल्या जागी हसायला लागलो.

"ऊन लागलं का?" आजीने विचारलं. मग तिने दगड नीट तपासला. "टेकला तं नाही ना?"

"नाही. मी टेकलो."

घाटमाथ्यावर आम्ही पोचलो तेव्हा मोटार यायची होती. ती आली, आम्ही चढलो, कंडक्टरने आमच्याकडे न पाहता दार लावलं. बुलढाण्याला उतरलो तेव्हा अकराला वीस मिनिटं होती. मी मूळ पाठ कधीच फेकून दिला होता. पिशवीत मी रबरी चेंडू आणला होता, टेबलावरून खाली सोडून दाखवायला. आता तो मला पोरखेळ वाटत होता.

"आजी, हा दगड मला तासभर द्या."

"बाराले पाळना हाय."

"त्याच्या आत देतो."

तिने माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. "देतो. पन भुईले टेकवाचा नाही. अन् मी संग येतो, तुह्यावर भरवसा नाही."

वर्ग माडीवर होता. मुख्याध्यापक भले गृहस्थ, त्यांच्याशेजारी पुण्याकडचे एक निवृत्त तपासनीस, मांडीवर छत्री आडवी ठेवलेली. मी छातीशी कुंचीतलं बाळ धरून वर्गात शिरलो आणि मागून आजी. मुख्याध्यापकांनी अदबीने तिला शेवटच्या बाकावर जागा दिली. माझी आईच मुलाला सांभाळायला आली आहे, असा त्यांचा समज झाला असावा. मग मी कुंची काढली. नववीच्या वर्गाने आनंदाचा जो आवाज केला तसा माझ्या पुढल्या सबंध नोकरीत कधी ऐकला नाही.

डाव्या हाताने दगड धरून उजव्या हाताने मी फळ्यावर लिहायला लागलो. वस्तुमान, आजीच्या सव्वातीन शेराचे तीन किलो. गुरुत्वत्वरण सोयीसाठी दहा. तीन ओळींत डावा हात कापायला लागला.

"तो टेबलावर ठेवा की," तपासनीस म्हणाले.

"सर, ठेवता येत नाही."

"का?"

"भुईले टेकवाचा नाही म्हून," मागून उत्तर आलं.

तपासनीसांनी वळून पाहिलं. "अहो बाई, हे टेबल आहे. भुई नव्हे."

"टेबल कायच्यावर उभं हाय?"

"फरशीवर."

"अन् फरशी?"

"ही माडी आहे, बाई," मुख्याध्यापक समजुतीने म्हणाले. "जमीन खाली आहे."

"माडी भितीवर, भित भुईवर. अन् तुमचं बुलढानाच सारं वर हाय, आमी आत्ता चढून आलो. मंग भुई कोनती ते सांगा. तुमी सांगा, मंग मी सांगतो टेकवाचा का नाही."

वर्ग खदखदून हसला. तपासनीस हसले नाहीत. ते माझ्याकडे वळले, आणि मला त्यांच्या चेहऱ्यावर कॉलेजातले परीक्षक दिसले. "प्रश्न बरोबर आहे," ते म्हणाले. "उंची कुठून मोजायची? तुमचं शून्य कुठे आहे?"

जिनिंगच्या धुळीचा वास मला तिथे, त्या माडीवर आला. पण हातात दगड होता, आणि तो सोडून खिडकीबाहेर बघायची सोय नव्हती.

"तुम्हीच मोजा," मी मुलांना म्हणालो. "दगड इथे आहे. याची ऊर्जा किती?"

पुढच्या बाकावरच्याने फरशीपासून एक मीटर धरलं आणि तीस ज्यूल म्हणाला. खिडकीतल्याने शाळेच्या आवारापासून पाच मीटर धरले, दीडशे. घाटाखालून शिकायला आलेला एक पोरगा उभा राहिला. "सर, आमच्या घरून मोजली तं?" घाटाची उंची कुणालाच नक्की ठाऊक नव्हती, आम्ही सगळ्यांनी मिळून चारशे मीटर धरली आणि मी उत्तर लिहिलं, बाराशे. मागून कुणीतरी म्हणालं, "बारा हजार, सर." मी फळ्याकडे पाहिलं. शून्य एक कमी पडलं होतं. मी ते दिलं, आणि तो पोरगा खाली बसताना बाकाला कोपर मारून बसला, घाटाखालचा विजय झाल्यासारखा.

"कुणाचं खरं?" मी विचारलं.

तिघांनीही हात वर केला.

"सगळ्यांचं. भुई कोणती ते आपण ठरवायचं. फक्त आधी सांगायचं, आणि गणित संपेपर्यंत हलवायची नाही. या आजींनी त्यांची भुई ठरवली आहे, पाळण्याखालची. ती त्या पहाटेपासून हलू देत नाहीत. आणि हा दगड माझ्या हातून इथल्या फरशीवर पडला, तर फरशीला तीसच ज्यूल मिळतील, भुई कुठलीही धरा. बाराशे... घाटाखालून धरलेल्या बारा हजारांतून दगड या फरशीवर टेकल्यावरचे ज्यूल वजा करून बघा हवं तर."

त्या पोराने वजा करून पाहिलं. तीस आले नाहीत. मग त्याच्या लक्षात आलं की आम्ही घाटाच्या चारशेत शाळेचे वरचे पाच मीटर धरलेच नव्हते. त्यावर मुलांचं आपसांत भांडण सुरू झालं, आणि मी ते होऊ दिलं.

"सर, तुमचा हात कापून राह्यला," पुढचा पोरगा म्हणाला. "तुम्ही दगड वर तं नेऊन नाही राह्यले. मंग काम होऊन राह्यलं का?"

मी आजीकडे पाहिलं. तिने भुवया उडवल्या.

"माझे हात दमले," मी म्हणालो. "ते आत आकसतात, सुटतात, पुन्हा आकसतात, म्हणून दमतात. पण दगडाला त्यातलं काही मिळत नाही. त्याला फक्त चढ मिळतो. मले हे आज सकाळी दहा वाजता कळलं."

'मले' तोंडातून गेलंच. तपासनीसांनी छत्री या मांडीवरून त्या मांडीवर घेतली आणि वहीत काही लिहिलं. आम्हाला बाहेर बसायला सांगण्यात आलं. आणखी दोघांचे पाठ व्हायचे होते, निकाल त्यानंतर, आणि उमेदवारांनी आवार सोडायचं नव्हतं.

व्हरांड्यात आजीने दगड माझ्याकडून घेतला. बाराला वीस कमी होती. "तू बस," ती म्हणाली. "तुही नोकरी हाय. मी जातो." ती दहा पावलं गेली, थांबली, दगड या खांद्यावरून त्या खांद्यावर केला. आणखी पाच पावलं, पुन्हा थांबली. पहाटेपासूनचे तिचे खांदे. मी घड्याळ पाहिलं, वर्गाच्या दाराकडे पाहिलं, घड्याळाला किल्ली दिली. ती आणखी एकदा थांबली. मी उठलो आणि धावत जाऊन तिच्या हातातून दगड घेतला.

"अबे, नोकरी?"

"चला लवकर."

लेकीचं घर दोन गल्ल्या म्हणता म्हणता पाच गल्ल्यांवर निघालं. पाळण्याभोवती बायका खोळंबल्या होत्या. मला पाळण्याच्या एका बाजूला बसवलं, आजी दुसऱ्या बाजूला बसली, आणि वरवंटा माझ्या हातातून पाळण्याखालून तिच्या हातात गेला, तिच्याकडून माझ्याकडे आला. वर खरं बाळ जोरजोरात रडत होतं. मला ते फार बरं वाटलं. मग आजी म्हणाली, "आता टेकव."

मी तो फरशीवर ठेवला. हात सोडले, तर ते खाली राहीनात. हलके होऊन आपोआप वर यायला लागले. बायका हसल्या, कुणीतरी हातात घुगऱ्या दिल्या, त्यातल्या अर्ध्या सांडल्या.

मी शाळेत परतलो तेव्हा पाऊण वाजला होता. तपासनीस गेले होते, दुसरे उमेदवारही. मुख्याध्यापक कार्यालयाच्या दाराला कुलूप लावत होते.

"आवार सोडायचं नाही असं सांगितलं होतं," ते म्हणाले.

"हो, सर."

"कुठे गेला होता?"

"दगड टेकवायला."

त्यांनी कुलपातली किल्ली तशीच ठेवून माझ्याकडे बघितलं. "साहेब म्हणाले, बोली सुधारायला हवी, आणि शून्य नीट मोजायला हवं. एवढं म्हणाले आणि तुमच्या नावापुढे खूण करून गेले. तुम्ही इथे नाही म्हणून मी ते नाव खोडणार होतो." त्यांनी कुलूप पुन्हा उघडलं. "दिवाळीपर्यंत तात्पुरती जागा आहे. सोमवारपासून या. आता इथे सही करा."

मी सही करायला घेतली. हात अजून वरच जात होता. सही तिरपी होऊन रेघेच्या वर चढली आणि वरच्या रकान्यात शिरली. ती त्या वहीत अजून आहे. पुढे त्याच शाळेत माझी अनेक वर्षं गेली. दर जूनमध्ये नववीला तो धडा आला की मी मुलांना आधी विचारायचो, भुई कोणती धरायची ते सांगा.